शकूकाकूंच्या महालक्ष्म्या

शकूकाकू रोज सकाळी देवापुढे दिवा लावून आपल्या दिराच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करायच्या. वाटेवरून जाणाऱ्याच्या कानावर अर्धंमुर्धं पडलं की त्याला वाटे, काय मोठं मन आहे बाईचं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एकदा वाटीभर साखर परत करायला गेले असताना मी उंबऱ्यापाशी थांबून ती प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली.

"वसंताले लय आयुष्य दे माय. त्याले ताप येऊ देऊ नको, दमा होऊ देऊ नको. दात मजबूत ठेव त्याचे. माह्या घरी येऊन, माह्या हातचं तुहं जेवण जेवल्याशिवाय त्याले उचलू नको."

एवढं झालं की त्या घंटी वाजवायच्या, आरती ओवाळायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. दातांचा उल्लेख त्यांनी कधी चुकवला नाही. समोर असताना त्या या दिराला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणत. वसंता तो फक्त देवीपाशी.

सक्करदऱ्याच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. त्यांच्या दाराची कडी वाजली तरी आमच्या स्वयंपाकघरात कळायचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. काकूंबद्दल मी चांगलंच बोलणार आहे, पण ज्यांनी त्यांना छळलं त्यांच्यासाठी ती रीत पाळायला मला जमणार नाही. काकूंचा राग मी जवळून पाहिला आहे आणि त्यातला निम्मा माझ्या अंगात उतरला आहे.

आमच्याकडे भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी, आणि त्यांची दोन बाळं, एक मुलगा एक मुलगी. तीन दिवसांच्या या माहेरवाशिणी. पहिल्या दिवशी त्यांना वाजतगाजत घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी आणि ज्वारीची आंबील करून जेवू घालायचं, तिसऱ्या दिवशी निरोप द्यायचा. काकूंच्या सासरी हा कुळाचार मौद्याकडच्या गावातून आलेला. पितळी मुखवटे जुने, नाकडोळे झिजून मऊ झालेले. थोरल्या भावाचं घर म्हणून ते प्रभाकरकाकांकडे, म्हणजे काकूंकडे असायचे. प्रभाकरकाका सरकारी कचेरीतले कारकून, एकदम मितभाषी. घरातलं सगळं बोलणं त्यांनी लग्नाच्या दिवशीच काकूंकडे सोपवलं असावं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

काकू ठेंगण्या, रुंद, आणि आवाज असा की फुलकोबीवाला पुढच्या चौकात असताना इथून भाव ठरवायच्या. पण महालक्ष्म्या आल्या की हा आवाज उतरायचा. मखराशी बसून त्या दोघींशी माहेरी आलेल्या पोरींशी बोलावं तसं बोलत. प्रवास कसा झाला, दमल्या का, यंदा साडी आवडली का. काकू ब्लाउज शिवून द्यायच्या, आणि त्यातून उरलेल्या कापडांची वर्षभर बाळांसाठी झबली, टोपडी शिवायच्या. मुखवटे लोखंडी पेटीत लाल कपड्यात बांधून माळ्यावर असत. बाळं मात्र शिलाई मशीनच्या खणात असत, कारण माप घ्यायला ती लागायची. घरच्या पुरुषांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

काका वैशाखात गेले. श्रावणात वसंतराव आले.

वसंतराव शहराबाहेर बेसाकडे प्लॉट पाडून विकायचे. तिकडची शेतं संपत आली आणि यांचं पोट वाढत गेलं. बेसालाच त्यांनी दुमजली बंगला बांधला होता. त्या दिवशी ते एकटे आले नव्हते. बायको मालती होती, दोन चुलतभाऊ होते आणि घराण्याचे भटजी होते. आईने मला चहाला दूध कमी पडेल म्हणून दूध घेऊन पाठवलं होतं, म्हणून मी तिथे होते. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. चहा संपेपर्यंत काकांच्या आठवणी निघाल्या. मग कप खाली ठेवून वसंतराव मुद्द्यावर आले.

"वहिनी, राग नका मानू. पण महालक्ष्मी सवाशिणीच्या हातची असते. तुमच्या हातानं आता ते होत नाही. अन् तुमच्या मागं करणारं तरी कोण हाय?"

मूल नसलेल्या बाईला, नवरा जाऊन चार महिने झाले नसताना, तिच्याच घरात तिच्याच कपातून चहा पिऊन हा माणूस हे बोलला. काकूंनी भटजींकडे पाहिलं. भटजी शास्त्राचं काहीतरी पुटपुटले आणि रिकाम्या कपात पाहत बसले. मी मध्ये बोलले, की काका असतानाही सगळं काकूच करायच्या, काका फक्त आरतीला उभे राहायचे. वसंतराव माझ्याकडे न पाहता म्हणाले की शिकल्यासवरल्या पोरींनी मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलं आहे.

चुलतभावाने माळ्यावर चढून पेटी उतरवली. काकूंनी अडवलं नाही. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि पेटी दाराबाहेर जाताना त्यांनी फक्त पदर डोक्यावर घेतला, घरची लेक निघताना घेतात तसा. गाडी सुरू झाली, गेली. मी रडत होते, रागाने. काकूंनी सगळे कप विसळले, पालथे घातले, हात पुसले. मग मशीनपाशी जाऊन खण ओढला आणि बाळं बाहेर काढली. एकाच्या अंगावर अर्धवट शिवलेलं झबलं होतं, सुई तशीच अडकलेली.

काकू हसायला लागल्या. वैशाखानंतर त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"आया नेल्या अन् लेकरं सोडून गेला, अक्कलशून्य माणूस," त्या म्हणाल्या. "आता पाह्य तू. आई लेकरापाशीच येते."

त्या भाद्रपदात त्यांनी महालक्ष्म्या बसवल्या. मुखवटे नसताना बसवल्या. संध्याकाळी तुळशीपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली, ताट वाजवायला मला उभं केलं, आणि दोन बाळांना कडेवर घेऊन त्या एकेका पावलावर पाय ठेवत आल्या. मखरात दोन पाट, पाटांवर दोन नव्या साड्या घडी करून, वर गजरे, मध्ये बाळं. रिकाम्या पाटांकडे पाहून त्या म्हणाल्या, "बसा वं बाया. प्रवास लांबचा झाला, मले माहीत हाय. बेसाहून यायचं म्हंजे रस्ता खोदून ठेवला हाय सारा." त्यांच्या आवाजात थट्टेचा अंशही नव्हता. ताट वाजवता वाजवता माझा हात थांबला होता, तर मलाच ओरडा बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाला त्यांनी दरवर्षीच्या सगळ्यांना बोलावलं होतं, गल्लीतल्यांना आणि घराण्यातल्यांना, वसंतरावांनाही. पण वसंतरावांनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं की जो सक्करदऱ्याला जेवेल त्याने बेसाला येऊ नये. गल्लीतल्या बायकांना अपशकुनाची भीती घातली गेली. सवाशिणीने विधवेच्या महालक्ष्मीचं पान घेतलं तर नवऱ्यावर येतं, असं कुणीतरी पसरवलं. माझ्या बाबांना रक्तदाबाचा त्रास.  तरी बाराच्या सुमारास आईने ठेवणीतली साडी नेसली, कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं आणि मला म्हणाली, चल. माझ्या आईबद्दल मला जो आदर आहे तो बराचसा त्या दुपारचा आहे.

आम्ही दोघीच. पण काकूंनी पानं मांडली होती ती सगळ्यांची. दोन्ही खोल्यांतून आणि ओसरीवर पत्रावळींच्या रांगा. त्या वाढायला लागल्या. प्रत्येक पानापाशी वाकून, ज्याचं पान त्याचं नाव घेऊन, मीठ, लिंबू, चटणीपासून पुरणापर्यंत सगळं वाढलं. हे थोरल्या नणदेचं. हे भटजींचं, त्यायले वडे आवडतात. हे भाऊजीचं. समोर माणूस नसलेल्या त्या पानांवरून वाफ वर जात होती. मला ते पाहवेना. काकूंना विचारलं, हे कशासाठी. त्या म्हणाल्या, "मी बोलावलं. मी वाढलं. न आल्याचं पाप आता त्यायच्या डोक्यावर, माह्या नाही."

संध्याकाळी ती पानं गल्लीतल्या गाईंना घातली. मी म्हटलं होतं, वसंतरावांचं पान गाडीवर नेऊन त्यांच्या फाटकात फेकून येते. काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. प्रसाद आहे, दगड नाही, असं त्या म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळाने, जरा आशेनेच, फाटक किती उंच आहे ते विचारलं.

बेसाला त्या वर्षी वेगळीच पंचाईत झाली. मोठं मखर, विजेच्या माळा, केटरिंगवाला, सगळं होतं. पण हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी मखरात पाहायची आणि मग विचारायची, बाळं कुठं हायत वं? मालती हळदीकुंकवाची कोयरी पुढे करायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच वसंतराव गाडी घेऊन सक्करदऱ्याला हजर झाले. काकूंनी त्यांना आत घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्या म्हणाल्या, "आया उचलताना लेकरायची आठवण नाही आली का, भाऊजी? या जेवायले. तुमच्या पानाशेजारीच ठेवते, जेवता जेवता पाहून घ्या." वसंतराव परतले. इतवारीच्या बाजारातून त्यांनी नवी बाळं आणली, चांगली महागातली, मोत्याच्या टोप्या घातलेली. घराण्यातल्या बायकांनी त्यांना सावत्र म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या बंगल्याची बोअरवेल आटली. देवीने केलं असं मी म्हणत नाही. मला बरं वाटलं, एवढंच सांगते.

पुढची कित्येक वर्षं हे असंच चाललं. दर भाद्रपदात काकू ग्रुपवर आपल्या आवाजात आमंत्रण पाठवायच्या. त्यांना त्या ग्रुपमधून काढायची हिंमत कुणाला झाली नाही. आमंत्रणात तिथी, वेळ, आणि शेवटी न चुकता, भाऊजी तुम्ही पण या, पान वाढून ठेवते. भटजी पूजेला येत नसत म्हणून त्या स्वतःच पूजा करायच्या, ज्या ठिकाणी मंत्र आठवत नसे त्या ठिकाणी सरळ मराठीत बोलायच्या. कुणी विचारलं की मुखवटे नसताना कसली महालक्ष्मी, तर म्हणायच्या, माहेरी आलेल्या पोरीचं तोंड पाहून जेवण घालतात का? कपाळाचा विषय निघाला की म्हणायच्या, देवी इथं सासरी नाही येत, माहेरी येते, अन् माहेरी आईचं कपाळ कोणी पाहत नाही. आणि माझ्या चांगल्या लक्षात राहिलेली एक गोष्ट त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या: "भक्ती म्हंजे काय वं, चिवटपणा. दुसरं काही नाही."

हळूहळू पानांसमोर माणसं बसायला लागली. आधी गल्लीतल्या दोघी आल्या, मग चौघी. नवरे जिवंत राहिले हे पाहून मग बाकीच्या. घराण्यातली थोरली नणंद एका वर्षी मागच्या दाराने आली, डोक्यावरून पदर ओढून. काकूंनी तिला मागच्या दारातून परत पाठवलं आणि सांगितलं, समोरून ये, लोकांना दिसू दे. नणंद बिचारी सगळ्या गल्लीला वळसा घालून समोरून आली. तिला जागाही ओसरीवर दिली, रस्त्याच्या कडेची.

शेवटी भटजीही आले. बेसाला म्हणे त्यांच्या दक्षिणेवरून काही बिनसलं होतं. ते आले, बसले, आणि तेव्हा मला काकूंचं हत्यार पहिल्यांदा नीट दिसलं. महालक्ष्मीच्या पानावर नाही म्हणता येत नाही. वाढलेलं टाकायचं नाही, उठून जायचं नाही. काकू पुरणपोळीचं ताट घेऊन भटजींसमोर बसल्या. एक पोळी, त्यावर तूप. आणखी एक. गुरुजी, देवीचं हाय. आणखी एक. भटजींच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर. ते गयावया करत होते आणि काकू अत्यंत भक्तिभावाने वाढत होत्या. उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. भिंतीला टेकून ते बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. काकू हसत नव्हत्या. त्या हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या की ही तर रंगीत तालीम होती, भाऊजी आले की खरं वाढायचं आहे.

म्हणून ती दातांची प्रार्थना.

पण वसंतराव आले नाहीत. पौषात एका दुपारी प्लॉटवर उभ्याउभ्या ते कोसळले आणि गेले. मला दुःख झालं नाही, उलट इतक्या सहज सुटले म्हणून राग आला. काकू बेसाला गेल्या, मालतीजवळ बसल्या, दहाव्यापर्यंत जाऊन येऊन राहिल्या. मी गेले नाही. त्यानंतर काकू सकाळी दिवा लावायच्या, फुलं वाहायच्या, पण देवीशी बोलायच्या नाहीत. घंटीही वाजवायच्या नाहीत. त्यांनी अबोला धरला होता. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "एवढं एक मागतलं होतं तिले. एवढंच." सेवा मात्र एक दिवस चुकवली नाही. रुसलेली सून सासूचं जेवण वेळेवर वाढते तशी ती चालली होती.

भाद्रपद जवळ आला आणि बातमी आली. तेच दोन चुलतभाऊ, तेच भटजी, मालतीकडे गेले होते. मालती आता विधवा. मुलगा परदेशी, त्याचं लग्न नाही. महालक्ष्मी सवाशिणीच्या हातची असते, म्हणून पेटी आता थोरल्या चुलतभावाकडे नेणार होते. त्याच दिवशी सकाळी नेणार असं ठरलं होतं.

मी धावतच काकूंकडे गेले. मला इतका आनंद झाला होता की पायऱ्या चढताना चप्पल निसटली. ज्या नियमाने मालतीच्या नवऱ्याने पेटी नेली, त्याच नियमाने आता मालतीच्या घरून जाणार. मी म्हटलं, काकू, आता बसू दे तिला रिकाम्या पाटांपुढे. काकू मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला.  मग खणातून बाळं काढली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "गाडी काढ. बेसाले जायचं हाय."

माझ्या स्कूटीवर मागे बसून, पिशवी दोघींच्या मध्ये धरून, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी इतकी वर्षं सांगितली नव्हती. पेटी नेली त्या दिवशी मशीनचा खण उघडाच राहिला होता. बाळं दिसत होती. वसंतराव माळ्याकडे पाहत होते. मालती मशीनपाशी उभी होती. तिने खणाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि मागे हात नेऊन खण हळूच लोटून दिला. दर वर्षी बायका तिला बाळांबद्दल टोचून बोलल्या, नवरा बोलला असेलच, तरी तिने तोंड उघडलं नाही.  मालतीला इतकी वर्षं मनातल्या मनात घातलेल्या शिव्या परत घ्यायला मला बेसापर्यंतचा रस्ता पुरला नाही.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळे बसले होते, समोर चहा. पेटी दारापाशी आणून ठेवली होती. जिथे मखर बसायचं त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर वसंतरावांचा मोठा फोटो, चंदनाचा हार घातलेला. मालती कोपऱ्यात. काकू आत आल्या, कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्या सरळ पेटीपाशी गेल्या आणि तिच्यावर बसल्या.

"ही पेटी एकडाव माह्या घरून गेली," त्या म्हणाल्या. "आता इथून हालत नाही. ज्याले न्यायची त्यानं माह्यासकट उचलावं."

काकूंचं वजन पाहता कुणी पुढे झालं नाही. थोरला चुलतभाऊ चिडला, शास्त्र, रीत, घराण्याची इज्जत असं बरंच बोलला. तुम्हाले तुमचं करता येते, दुसऱ्याच्या घरात कशाले येता, असंही बोलला. काकू त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या मालतीशी बोलत होत्या.

"मालती, बसवशीन?"

मालतीने मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग ती फोटोकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "ताई, ह्यायले चाललं नसतं."

"म्हणूनच तं," काकू म्हणाल्या. "म्हणूनच बसव."

 मालती डोळे पुसत उठली, काकूंना पेटीवरून उठायला हात दिला, आणि पेटी स्वतः आत नेली. चुलतभाऊ जाताना बजावून गेले की या घरी घराण्यातलं कुणी जेवायला येणार नाही.

काकूंनी त्याच दुपारी मालतीच्या फोनवरून ग्रुपवर आमंत्रण पाठवलं. या वेळी आवाज मालतीचा होता, शब्द काकूंचे. आवाहनाच्या संध्याकाळी मालतीने मुखवटे हातात घेतले आणि काकूंनी बाळं. दोघी पांढऱ्या कपाळाच्या बायका रांगोळीच्या पावलांवरून पाठोपाठ आल्या. मखरात मायलेकरं शेजारी बसली तेव्हा काकू कितीतरी वेळ तिथून उठल्या नाहीत. आणि मग पौषापासूनचा अबोला सोडून, नेहमीच्या आवाजात त्या देवीला म्हणाल्या, "लय दिवस लावलेस वं."

जेवणाच्या दिवशी सगळी वसाहत आली. घराण्यातलेही आले. वसाहतीतल्या लोकांसमोर न येणं बरं दिसलं नसतं म्हणून आले, आणि पोर्चमध्ये उभे राहिले, आत यावं की जावं ते ठरेना. काकू पत्रावळी घेऊन बाहेर गेल्या. तुमची पानं वाढली आहेत, ती टाकून कोण जातं ते पाहते, एवढंच म्हणाल्या. एकेक जण आत आला. चुलतभावांना त्यांनी फोटोच्या समोर बसवलं. भटजींनी स्वतःहूनच लांबची जागा धरली, पण पोळीचं ताट त्यांच्यापर्यंत पोहोचलं. मालती वाढत होती आणि काकू मागून सांगत होत्या, आणखी वाढ, लाजू नको, देवीचं हाय. त्या दुपारी बेसात घराण्यातल्या एकाही माणसाला नाही म्हणता आलं नाही. मीही दोन हातांनी वाढत होते, विशेषतः थोरल्या चुलतभावाला.

तिसऱ्या दिवशी निरोप झाला. मालतीने मुखवटे लाल कपड्यात बांधले आणि ते पेटीत न ठेवता काकूंच्या पुढ्यात ठेवले. ती म्हणाली, हे तुमचे आहेत ताई, घेऊन जा, न्यायचं मी कधीच म्हणलं नव्हतं. मी उठून उभी राहिले. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. हे गाठोडं घेऊन सक्करदऱ्याच्या गल्लीत शिरायचं, सगळ्या दारांसमोरून, हे दृश्य मी किती वर्षं मनात रंगवलं होतं.

काकूंनी गाठोड्यावरून हात फिरवला. मुखवट्यांची नाकं कपड्यातून बोटांना लागत असावीत. मग त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि परत मालतीच्या मांडीवर ठेवलं. बाळंही शेजारी ठेवली.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "आता ह्या इथंच राहतीन. ह्याच घरात, ह्याच फोटोसमोर, दर वर्षी तू बसवशीन. माह्या घरी बसल्या तं मी एकटी पाहीन. इथं त्याले पाहावं लागन."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. मला फार राग आला होता. ज्याच्यासाठी इतकी वर्षं रिकाम्या पाटांना जेवू घातलं, ते हातात आलेलं त्यांनी ठेवून दिलं होतं. मागून त्या मात्र सबंध रस्ता आरती गुणगुणत होत्या, खड्ड्यांतसुद्धा.

पुढच्या भाद्रपदापर्यंत त्या राहिल्या नाहीत. चैत्रात दोन दिवसांच्या तापाने गेल्या. सकाळी दिवा लावून मग पडल्या, त्यानंतर उठल्या नाहीत. त्यांचं घर बंद आहे. मशीन मालतीकाकू घेऊन गेल्या, त्यावर आता त्या झबली शिवतात, टाके अजून वाकडे येतात. चुलतभाऊ दर वर्षी जेवायला येतात, काही न बोलता जेवतात.

मी पहिल्या दिवशी सकाळीच बेसाला जाते. पावलं काढायला मदत करते, भाज्या चिरते. पण त्याआधी, चप्पल काढली की लगेच, स्टूल घेऊन वसंतरावांच्या फोटोवरची धूळ पुसते. काच अगदी स्वच्छ करते, कोपऱ्यांतूनसुद्धा. त्यांना सगळं नीट दिसलं पाहिजे.